बाभळीला बांधलेली झोळी

बाभळीच्या झाडांना पक्ष्यांचं बोलणं कळायचं, त्या काळातली गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीत पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी राहायचा. दर हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरांपलीकडून शेपटी हलवत एक धोबीण पक्षीण यायची आणि दूरदूरच्या सरोवरांच्या गोष्टी सांगायची. ऐकता ऐकता पिवळ्याचे डोळे मिटायचे आणि निळंशार पाणी त्याच्या पंखांखालून वाहू लागायचं.

"धोबीणताई, यंदा उन्हं तापली की मीही येतो," तो म्हणाला. "चांगला वर्षभर फिरेन. तेवढी तयारी करू द्या."

"तयारी कसली रे? पंख आहेत ना?"

पण पिवळ्या ऐकतोय कुठला! त्यानं गवताची झोळी विणली, तीत बाजरीचे दाणे भरले, वर सावरीचा कापूस घातला.

निघायच्या सकाळी त्यानं झोळी चोचीत धरून झेप घेतली आणि हिसका बसून मागे आला. पुन्हा झेप, पुन्हा हिसका. विणायला बसताना सवयीनं पहिली गाठ त्यानं फांदीलाच मारली होती!

"थांबा, सोडवतो," झोळी चोचीतून न सोडताच तो ओशाळून पुटपुटला.

"तुझी गाठ वादळालासुद्धा सुटत नाही, बाबा. माझा थवा निघाला." धोबीण उडाली.

पिवळ्यानं गाठीकडे पाहिलं, आभाळात लहान होत जाणाऱ्या ठिपक्याकडे पाहिलं, आणि चोच उघडली. झोळी मागे झुलत राहिली, आणि तो त्या ठिपक्यामागे झेपावला.

वर्षानं तो परतला, तेव्हा झोळी तिथंच झुलत होती. आत मुनिया पक्ष्याची पिल्लं कापसात झोपली होती.

"काय आणलंस रे?" बाभळीनं विचारलं.

पिवळ्या तिच्या फांदीवर टेकला आणि हळूच म्हणाला, "डोळे मीट, सांगतो."