आधी फोटो, मग वाच

“झालं का उद्घाटन वाचन चळवळीचं?”

“झालं की. वाचणारी एकच होती, तिलाच थांबवलं बाईंनी.”

कपाटापलीकडे दोघं ग्रंथपाल हळूच हसले. कपाटाअलीकडे ऋजुता उभी होती. तिनं चहाचा कप फळीवर ठेवला आणि नवा हिरवा चुडा वाजू नये म्हणून दोन्ही मनगटं पोटाशी आवळून धरली.

बाई म्हणजे तीच. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, तोवर तिचं मुलांसाठीचं पुस्तक राज्यभरच्या वाचनालयांनी एकाच वेळी वाचायला घेतलं होतं. जिल्ह्याच्या साहेबांबरोबर ती गावोगाव जायची आणि माणसांना सांगायची, मुलांना वाचू द्या. आजचं गाव सासरचं. सासूबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होत्या, आमची सून.

घडलं होतं ते एवढंच. वरच्या कार्यालयाला फोटो पाठवायचा होता. मुलं रांगेत, पुस्तक छातीशी, मुखपृष्ठ समोर. मागच्या रांगेतली मुलाण्यांची जस्मिन मात्र उभ्या उभ्या पुस्तक उघडून आत शिरली होती. ऋजुता स्वतः उठून गेली. पुस्तक मिटलं, मुखपृष्ठ बाहेर करून तिच्या छातीशी टेकवलं, गालाला हात लावला.

“आधी फोटो, मग वाच हं बाळा.”

फोटो छान आला. मग पुस्तकं गोळा झाली, खोक्यात भरली, खोकं गाडीत चढलं. पुढच्या गावालाही फोटो काढायचा होता.

वाचनकक्षात खिडकीशी रणपिसेबाई बसल्या होत्या. जिल्ह्यातले निम्मे ग्रंथपाल त्यांच्या हाताखाली तयार झालेले. निवृत्त झाल्या तरी रोज यायच्या. त्यांच्या हातात ऋजुताचंच पुस्तक होतं. खोक्यात टाकायला ते त्यांच्याकडून मागून घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

ऋजुता त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं रणपिसेबाईंनी म्हणावं, इतकंच खरं तर तिला हवं होतं.

“बाई... माझं चुकलं का?”

बाईंनी मान वर केली नाही. एक बोट वर केलं. थांब.

ती थांबली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाईंचं बोट ओळीवरून सावकाश पुढं सरकत राहिलं.

“बाई, मी उभी आहे.”

“तीपण उभीच होती.”

हॉर्न पुन्हा वाजला. साहेबांनी हाक मारली. पाठोपाठ सासूबाईंची हाक आली. आणि काय होतंय ते कळायच्या आत ऋजुताचा हात पुढं झाला. त्यानं बाईंच्या हातातलं पुस्तक मिटलं. चुडा खळकन वाजला.

बाईंनी आता वर पाहिलं. तिच्या तोंडाकडे नाही, चुड्याकडे.

“घरी तुझं पुस्तक कोण मिटतं गं?”

सासूबाईंनी कधी शब्दानं टोकलं नव्हतं. नवऱ्यानं तर हौसेनं पुस्तकांचं कपाट करून घेतलं होतं.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. मग खाली बघत, “पावलं वाजली की... मीच मिटते.”

“तरीच,” बाई म्हणाल्या. “हात सरावलाय.”

पुस्तक त्यांनी तिच्या हातात ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

ऋजुताच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ती बाहेर आली. पायरीवर जस्मिन बसली होती. चपला घातलेल्या, पण घरी गेली नव्हती. गाडीतल्या खोक्याकडे बघत होती. साहेब घड्याळ बघत होते. सासूबाई गाडीत मांडीवर सुनेचा हार सांभाळून बसल्या होत्या. तिला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

ऋजुता गाडीकडे गेलीच नाही. जस्मिनशेजारी पायरीवर टेकली आणि पुस्तक तिच्यापुढं धरलं. कुठवर आली होती ते जस्मिननं पानं उलटून बोटानं दाखवलं.

“अगं, ऊन चढतंय, चल की,” म्हणत सासूबाई उतरल्या. त्यांच्या चपला वाजत जवळ आल्या.

पानावरचा ऋजुताचा अंगठा हलला... आणि तिथंच राहिला.

“तुम्ही पुढं व्हा, आई,” ती म्हणाली, साहेबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “आमचं पान राहिलंय.”