प्रश्न क्रमांक सतरा

"पण बाई, चाळीसपैकी कोणता प्रश्न चुकलाय, एवढं तरी सांगाल का?"

सुहृद बेलसऱ्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं. धोपेश्वरकर बाई माझ्या दुकानात, बारदानाच्या थप्पीवर बसून त्याच्या प्रश्नावलीचे कागद उलटत होत्या.

दुपारचे चार वाजून गेले होते.

बार्शीच्या मार्केट यार्डात माझं जुन्या पोत्यांचं दुकान आहे. फाटकी पोती घ्यायची, शिवून घ्यायची, पुन्हा विकायची. शिवायला सहा बायका बसतात. त्यांच्यात कौसाबाई सरवदे सगळ्यांत जुन्या.

बाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. ऐन तारुण्यात नऊ वर्षं मेक्सिकोच्या खेड्यांत राहिलेल्या. त्यामुळे सकाळचा स्पॅनिशचा नवशिक्यांचा वर्गही त्यांच्याच गळ्यात. सुहृद दोन्हीकडे पहिला. त्याला सहा महिन्यांसाठी स्पेनला जायचं होतं. त्यासाठी प्रकल्पावर बाईंची शिफारस आणि सही हवी, आणि ती घेऊन पाचच्या आत कॉलेजच्या ऑफिसात पोचायला हवं. आज शेवटचा दिवस.

प्रकल्पाचा विषय होता, पोती शिवणाऱ्या बायका. म्हणून बाई तो तपासायला इथंच आल्या होत्या.

बाईंनी शेवटचं पान काढलं आणि निष्कर्ष मोठ्यानं वाचला. "उत्तरदात्यांमध्ये जाणिवेचा अभाव आढळला."

"मग काय लिहू?" सुहृद म्हणाला. "चार दिवस येतोय. अर्ध्या रकान्यांत 'उत्तर नाही'. या बायका सहकार्यच करत नाहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. मी त्यांना चौदा वर्षं ओळखतो. एवढ्या वैतागलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"एक कोरा फॉर्म दे," त्या म्हणाल्या. "आणि समोर बस."

तो पोत्यावर बसला.

बाईंनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. त्यानं ऐटीत उत्तर दिलं. बाई लिहिता लिहिता मराठीत म्हणाल्या, "नाव, सुहृद. व्यवसाय, विद्यार्थी."

दुसरा प्रश्न. तिसरा. पोरगा फाडफाड बोलत होता. मला कौतुक वाटलं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस.

मग बाईंनी जरा लांबलचक काहीतरी विचारलं.

तो थांबला… चाचपडत दोन-तीन शब्द बोलला.

"स्पेनला का जायचंय?" बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला आणि उत्तर लिहिलं. "स्पेन सुंदर आहे."

पुढचा प्रश्न.

तो वर पत्र्याकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अखेर एक वाक्य आलं.

"तू गेल्यावर आईचं कसं होईल?" बाई म्हणाल्या आणि लिहिलं. "माझी आई उंच आहे."

बायका खुसखुसल्या.

"मग संगं न्या की तिला," कौसाबाई म्हणाल्या. "उंच हाय तर लांबचं दिसंल."

बाईंनी रकान्याखाली रेघ मारली. "जाणिवेचा अभाव," त्या म्हणाल्या. "शिफारशीत हेच लिहिते. मुलाला स्पेन सुंदर वाटतो. आई उंच आहे. बाकी उत्तर नाही."

"बाई, असं काय करता?" त्याचा आवाज चिरकला. "तीन महिने झालेत शिकायला. तेवढे शब्द कुठून आणू? मराठीत विचारा ना. आईनंच मला फॉर्म भरायला लावलाय. तिला स्वतःला साधं सोलापूरला शिकायला पाठवलं नव्हतं कुणी. ती…"



बायका त्याच्याकडे बघायला लागल्या.

"तू यांना मराठीतच विचारलंस ना?" बाईंनी विचारलं.

"शुद्ध मराठीत."

"सतरावा वाच."

त्यानं कागद घेतला. "आपल्या कार्यस्थळी आपणांस कोणत्या स्वरूपाच्या समस्यांना सामोरे जावे लागते?"

हे ऐकताना मला गुंटूरचा मिरचीवाला आठवला. पोती बघायला आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. त्यानं माझ्या पोत्यात हात घातला, भोकातून बोट बाहेर काढलं आणि ते माझ्यासमोर नुसतं हलवलं. मला सगळं समजलं. आजतागायत त्याच्या मालाला मी दुहेरी शिवण घालतो.

असो. सुहृदनं सतरावा वाचून संपवला.

"सुतळी सरलीया," कौसाबाई म्हणाल्या.

"बघा!" त्यानं कागद गुडघ्यावर आपटला. "सकाळपासून तिसऱ्यांदा. मी विचारतो काय, या सांगतात काय. काय लिहायचं मी?"

"काय लिहिलंस?"

"अप्रस्तुत."

बाई कौसाबाईंच्या मांडीकडे बघत राहिल्या. तिथं अर्धवट शिवलेलं पोतं होतं. शेजारी दाभण आडवं पडलेलं. त्याच्या नेढ्यात काही नव्हतं.

मीही तिकडं बघितलं. खरं सांगायचं तर सकाळपासून मीही ते तीनदा ऐकलं होतं. तिन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो. त्यांचं काम नगावर. दाभण रिकामं म्हणजे दिवस रिकामा.



सुहृदनं घड्याळ पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी.

"बाई, सही…"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

तो उभा राहिला. दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग त्या दाभणाकडे. तेवढ्यात मला वाटलं, आता हा रडणार किंवा भांडणार. माझ्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं येतात, चेहरे ओळखू येतात.

यानं दोन्ही केलं नाही. हातातले कागद बाईंच्या शेजारी थप्पीवर ठेवले.

"कौसाबाई," तो म्हणाला, "सुतळी कुठनं आणायची?"

चार दिवसांत बायकांना कागदात न बघता विचारलेला त्याचा हा पहिला प्रश्न.

"मागल्या गोदामात. पार त्या टोकाला," कौसाबाई म्हणाल्या. "जाड आना, दादा. बारीक तुटती."

गोदाम यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, आणि कॉलेज त्याच्या नेमकं उलट दिशेला. मला लाज वाटली. खिशातून किल्ली काढली आणि धोतर सावरत उठलो. म्हटलं, पोराचा वेळ जायला नको, मीच आणतो.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. कागद पुढं ओढले. मान वर न करता म्हणाल्या,

"शेठ, किल्ली त्याला द्या आणि तुम्ही बसा. प्रश्न त्यानं विचारलाय."