ठकूअक्काची रेघ

हिरडी नदी तेव्हा आजच्यापेक्षा रुंद होती, आणि तिच्या काठच्या पानथर गावात पुराची जागा कुणी बोटानं दाखवत नसे. ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाची समजूत अशी, की पूर कुठवर आला होता ते दाखवलं तर नदीला ती जागा आठवते. मग ती तिथं परत येते आणि दाखवणाऱ्याला घेऊन जाते. म्हणून पूर ओसरला की लोक भिंतीवरची खूण सारवून टाकत आणि त्याविषयी बोलणं बंद करत.

गावात ठकूअक्का नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांत जन्मलेलं. ती तरुण असताना सरकारचा पहिला मोजणीदार पुराची रेघ काढायला आला. पाणी कुठवर येतं, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी ठकूकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून सांगितलं, "घाटाच्या वरल्या पायरीपत्तूर." मोजणीदारानं नकाशावर तिथंच रेघ मारली आणि तो निघून गेला. त्या दिवशी तिच्या चुलीतली राख भिजलेली निघाली, असं म्हणतात.

तीस-पस्तीस वर्षं गेली. नदी गप्प होती. मग नदीलगतच्या गाळाच्या जमिनीवर, मळीत, तेवीस घरं बांधायची ठरली. नकाशात मळी कोरडी होती. पहिला पाया खणला तो ठकूअक्काच्या लेकीनं, बायजानं.

"बायजे, हितं घर नगं."

"का? नकाशात कोरडं हाय. आये, सरकारपरीस तुला ज्यास्त कळतं व्हय?"

"त्यो नकाशा माज्याच सांगण्यावरनं झालाय. म्हणून सांगते."

बायजा हसली. "मंग तर बरंच की. घरचाच नकाशा!"

ठकूअक्का चालत तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "आजी, नकाशा म्हणजे काय वाकळ आहे, वाटेल तिथं ठिगळ लावायला?" ती दाराशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तिच्या खालची फरशी ओली होती, असं म्हणतात. वैशाख होता, आणि कचेरीच्या माठातही पाणी नव्हतं. मोजणीचे टिल्लू साहेब बराच वेळ त्या फरशीकडे पाहत राहिले.

"आमच्याकडे दुर्बीण आहे, आजी," ते म्हणाले. "पूर पाहिलेलं माणूस नाही. तुम्ही पुढं चाला. आम्ही मागं खुंट्या ठोकतो."

गावानं दारं लावून घेतली. ठकूअक्का अनवाणी पुढं चालली. ती बोट ठेवी तिथं खुंटी बसे, आणि प्रत्येक खुंटीच्या बुडाशी पाणी पाझरू लागे. मळी मागं पडली, खळी मागं पडली. आईला घरी न्यायला बायजा धावत आली, तेव्हा ठकूअक्का चढावरच्या उंबरापाशी थांबली होती.

"इथवर?" साहेबांनी विचारलं.

तिनं बोट वर केलं. दोन पुरुष उंचीवरच्या बेचक्याकडे.

"तितं माजा सुभान घावला. तीन वर्साचा हुता."

"आये," बायजा म्हणाली, "मला भाऊ हुता?"

"हुता. जागा दाखवायची न्हवती, म्हणून त्येचं नावबी घेतलं न्हाई."

साहेबांच्या माणसांनी दोन काठ्या एकीला एक बांधून ती उंची घेतली. तेवढ्यात गावातलं एक दार उघडलं. म्हातारा दौला भोई बाहेर आला आणि त्यानं आपल्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला हात ठेवला. मग दुसरं दार उघडलं.

नवी रेघ पडली. तेवीस घरं माळावर बांधली गेली, बायजाचंही.

त्याच श्रावणात हिरडी आली. लोक माळावरून पाहत होते. पाणी एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर जात होतं, घर शोधत आलेल्या पाहुण्यासारखं. उंबराच्या बेचक्याशी ते थांबलं. त्याच्या वरचं एकही पान भिजलं नाही.

तेवीस घरांतलं एकही माणूस गेलं नाही. पण ठकूअक्का उतार उतरत होती. बायजानं हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही. ती पाण्यात शिरली तेव्हा पाणी हललंसुद्धा नाही. बेचक्यातून एका लहान हातानं तिला धरून घेतलं, असं म्हणतात. तिचं शरीर मिळालं नाही.

आजही पानथरला दर वैशाखात मोजणीखात्याची माणसं आणि गावकरी मिळून ती रेघ चालतात. नदी सरकली असेल तर रेघही सरकवतात. शेवटी पंचनामा होतो. पंचांत पहिलं नाव ठकूअक्काचं लिहितात आणि त्यापुढची अंगठ्याची जागा मोकळी ठेवतात. कागद कचेरीत पोचतो तेव्हा तेवढीच जागा ओली असते, असं म्हणतात. नवा कारकून तो कागद उन्हात वाळवायला नेतो. जुने त्याला म्हणतात, राहू दे.