हंसिणीच्या घरट्याची कहाणी

ऐका साती आसरांनो, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, नगराबाहेर तळं होतं. तळ्याकाठी धुरपदाबाई नि तिची सून आवडा राहत. दारी हंसांची जोडी होती.

हंसीण अंडी घाली, धुरपदा ती उचली. म्हणे, "पाखराला काय कळतं?" एका वर्षी अंडी भुशात घालून चुलीशी ठेवली. ती नासली. दुसऱ्या वर्षी कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली, पाण्यात धावली, कोंबडी काठावर ओरडत राहिली. पिल्लं भिजली, गारठली, मेली. तिसऱ्या वर्षी पिल्लं टोपलीखाली झाकून वाढवली. ती झुरली, सुकली, मेली. हंसीण दारोदार आक्रोश करी.

घरची रीतच तशी. आवडाला मुलगा झाला, तोही धुरपदानं आपल्या कुशीत घेतला. "तुला काय कळतं?" आवडा दुरून बघे. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

मग एकदा आवडा पाण्याला गेली. हंसिणीचं ओरडणं ऐकून तिला रडू कोसळलं. तशा पाण्यातून साती आसरा, जळातल्या सात देवता, वर आल्या. "बाई बाई, रडतेस का?" आवडानं सारं सांगितलं. "वसा सांगतो, घेशील? उतशील, मातशील, टाकून देशील!" "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." "तर ऐक. हंसीण बसेल तिथं बसू द्यावी. अंड्याला हात लावू नये. जवळ दाणा ठेवावा, पाणी ठेवावं, कोल्ह्याकुत्र्यापासून राखण करावी. पिल्लं आईपासून तोडू नयेत."

मग हंसिणीनं लव्हाळ्यात घरटं केलं. छातीची पिसं उपटून आत अंथरली. नर पहाऱ्याला उभा राहिला. धुरपदा टोपली घेऊन आली. आवडा आडवी आली.

"सासूबाई, यंदा हात लावू देणार नाही."

"नि पिल्लं मेली तर?"

"तर मी माहेरची वाट धरीन."

"मग गाठोडं बांधूनच ठेव!" धुरपदा टोपली आपटून गेली.

आवडानं रोज दाणा नेला, पाणी नेलं. नर फुसकारे, अंगावर येई, तरी नेलं. एका सकाळी घरट्यातून नाजूक आवाज आला. आवडा धावली, शेजारच्या बाया धावल्या, पाठोपाठ धुरपदा धावली. पंखाखालून एक पिवळं डोकं निघालं. मग दुसरं, मग तिसरं. "आली गं बाई, आली!"

पिल्लांची अंगं वाळली, तशी हंसीण उठली, पाण्याला निघाली. पुढं आई, मागं बाप, मधे पिल्लं. धुरपदा ओरडली, "बुडतील गं, धरा!" पण पिल्लं तरंगली, आईमागं वल्हवत गेली. तोच वरून घार झेपावली! नर पंख फडफडवत तिच्यावर धावला. हंसिणीनं पिल्लं पंखाखाली ओढली. घार रिकामी गेली. एकही पिल्लू कमी झालं नाही. बाया हसल्या, नाचल्या. धुरपदा म्हणाली, "माझ्या टोपलीला हे कुठून जमणार होतं!"

पुढं आवडा बाळंत झाली, मुलगी झाली. सुईण सवयीनं बाळ धुरपदाकडं घेऊन आली. धुरपदानं हात मागं घेतले. "माझ्याकडं काय आणतेस? तिची आई तिकडं आहे." मग कडेवरचा नातू खाली उतरवला. "जा बाळा, तूही जा." पोर धावत सुटलं. आवडानं दोन्ही लेकरं पोटाशी धरली.

जशा साती आसरा तिला पावल्या, तशा तुम्हां-आम्हां पावोत. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत आटोपली, सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो.