गाव खाली आहे, थोडं आत

आंबेखळ गावात भागूजी नावाचा एक साधाभोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असं लोकांना वाटायचं. ज्यांनी त्याला एकदा काम सांगितलं होतं, त्यांना तसं वाटत नव्हतं.

गावानं आपली वेबसाईट काढली. विकी म्हणतात तसली. गावाची माहिती गावानंच लिहायची, चुकली तर कुणीही दुरुस्त करायची. वाचनालयाच्या मथुराबाईंनी सगळं मांडून दिलं आणि टायपिंगला भागूजीला बसवलं.

"ज्यांना कॉम्प्युटर येत नाही ते तुला येऊन सांगतील," बाई म्हणाल्या. "जो जे सांगेल ते पानावर लिही."

पहिलं पान गावच्या विहिरीचं होतं. दौलतआबा जगदाळे आले.

"विहीर आमच्या पणजोबांनी खोदली."

भागूजीनं लिहिलं. मागं गजाबा शेलार उभे होते.

"साफ खोटं. आमच्या पणजोबांनी खोदली."

लिहिलं.

"तुमच्या पणजोबाला कुदळ तरी धरता येत होती का?"

तेही लिहिलं.

"अरे गाढवा, हे काय लिहीत बसलायस?"

लिहिलं.

पान वाचून बाईंनी कपाळाला हात लावला. "भागूजी, पानावर फक्त माहिती. वाद पानावर घालायचा नाही. मी पानाखाली चर्चेची जागा करून देते. एकानं बोलायचं. ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं त्याच्या खाली, थोडं आत सरकून द्यायचं. म्हणजे कोण कुणाला बोलतंय ते कळतं."

"खाली. थोडं आत," भागूजीनं घोकून ठेवलं.

पण चर्चेची जागा गावात सगळ्यांना पटेना. दौलतआबा म्हणाले, "माहितीच्या खाली हा उकिरडा कशाला?" गजाबा म्हणाले, "भांडल्याशिवाय खरं बाहेर कसं येणार?" शेवटी शाळेच्या वर्गात सभा बोलावली. बसवायची व्यवस्था भागूजीकडे.

दौलतआबा बाकावर बसून बोलले. गजाबा उत्तर द्यायला उठले, तसं भागूजीनं त्यांना दंडाला धरून खाली जमिनीवर बसवलं आणि थोडं आत सरकवलं. गजाबांना उत्तर देणाऱ्याला आणखी आत. त्याला उत्तर देणाऱ्याला त्याच्याही आत. असं करता करता शेवटचे वक्ते मागच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या पलीकडे उकिडवे बसून बोलायला लागले. कुणाचं कुणाला ऐकू येईना. त्यामुळं भांडण झालंच नाही. इतकी शांत सभा गावानं कधी पाहिली नव्हती. चर्चेनं एवढी शांतता होत असेल तर चर्चेची जागा हवीच, असं ठरलं.

त्याच सुमारास गावाला बस मिळायचा योग आला. आजवर आजारी माणसाला बाजेवर घालून डोंगर उतरावा लागे. आता तालुक्याचे साहेब स्वतः बस घेऊन रस्ता बघायला येणार होते. कसं यायचं ते गावाच्या पानावर वाचून घेतो, असा त्यांचा निरोप होता.

नेमकं मथुराबाईंना लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. जाताना त्यांनी बजावलं, "साहेब पान वाचून येणार आहेत. वर फक्त एकमताचं ठेव. ज्यावर वाद असेल ते खाली चर्चेत टाक."

भागूजी घरोघर फिरला.

लोकसंख्या? "आमची नवी सून धरलीय का त्यात?" वाद. खाली.

रस्ता? "माझ्या शेतातून जातो तो. त्याला रस्ता म्हणायचं नाही." खाली.

गावाचं नाव? एक म्हातारी म्हणाली, "आंबेखळ नव्हे रे बाबा, आंबखळ." तेही खाली.

मग भागूजीनं विचारलं, बस हवी का? सगळे हो म्हणाले. एकटे दौलतआबा म्हणाले, "धूळ फार उडंल." खाली.

पान वर पांढरंशुभ्र झालं. भागूजीला फार समाधान वाटलं. वादाचा एक शब्द उरला नव्हता.

ठरल्या दिवशी फाट्यावरून साहेबांचा भागूजीला फोन आला. "अहो, पानावर काहीच नाही. गाव आहे कुठं?"

"खाली आहे, साहेब."

"खाली म्हणजे?"

"खाली या. आणि थोडं आत."

फाट्यावरून खाली एकच उतार जात होता, तळ्याकडे. ड्रायव्हरनं बस खाली घेतली. मग थोडी आत घेतली.

हार, नारळ, ओवाळणीची ताटं घेऊन गाव तळ्याकडे धावलं. बस गाळात बसली होती. चाकं दिसत नव्हती. बैल जुंपून, दोर लावून ती बाहेर काढेपर्यंत ऊन उतरलं. साहेबांचा एक बूट आतच राहिला.

साहेबांनी फोनवरचा आवाज ओळखला. ते भागूजीसमोर येऊन उभे राहिले. "मला एकच सांगा. या गावाला बस हवी आहे की नको?"

गावानं 'हवी' म्हणायला तोंड उघडलं. पण विचारलं भागूजीला होतं.

"एकमत झालेलं नाही, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "चर्चा चालू आहे."

साहेब बसमध्ये चढले. दौलतआबा मागून हात हलवत म्हणत होते, "अहो, थोडी धूळ चालंल." पण बस वळली होती.

"गेली," गजाबा म्हणाले. "आता काही येत नाही ती."

भागूजीनं घाईनं सगळ्यांना विचारून घेतलं. यावर मात्र कुणाचाच वाद नव्हता. मग वाचनालयात जाऊन त्यानं पानावर, अगदी वर, एकमतानं ठरलेलं पहिलं वाक्य लिहिलं:

'या गावाला बस येत नाही.'