ग्लासातला कोरडा कागद

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "मी शिक्षण खात्याचा मोठा साहेब बोलतोय. तुमच्या कस्तुरीचा प्रयोग काल शाळेत मी स्वतः पाहिला. तिला बक्षीस लागलंय. आता मोबाईलवर आलेला आकडा सांगा, नाहीतर शाळेतून तिचं नावच काढून टाकतो!"

मी सातवी शिकलेली. नाव काढणार म्हटल्यावर मी घाईघाईने मेसेजमधला ओटीपीचा आकडा शोधला. तो सांगणार, तेवढ्यात माझ्या लेकीने, कस्तुरीने, फोन ओढून घेतला.

"साहेब, मी ग्लासाच्या तळाशी कागद कोंबून ग्लास पाण्यात उपडा बुडवला होता. कागदाचं काय झालं हो?"

"काय होणार? चिंब भिजला!" साहेब खेकसला.

"नाही साहेब, कोरडाच राहिला. ग्लास रिकामा दिसतो, पण आत हवा असते. ती पाण्याला शिरू देत नाही. आमचं घरही रिकामं नाही, मी आहे ना!"

फोन कट झाला. मी तिला पोटाशी धरलं, तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घाबरू नको गं आई."

बायांनो, तिच्या बाईंनी वर्गात शिकवलेलं आपापल्या गल्लीत सांगा: मोबाईलवर आलेला आकडा मागणारा साहेब खरा नसतो.