समुद्रातच धुवायची भाजी

“…म्हणजे नाव तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगणार नाही?”

“सांगणार नाही असं कुठे म्हटलं?” म्हातारी म्हणाली. “आधी दाखव तर, कुणाचं नाव विचारतेस ते.”

ही गोष्ट मोलोकाईची. हवाई बेटांतलं हे एक लहानसं बेट. म्हातारीचं नाव मेलेआना. तिकडे आजीला तूतू म्हणतात, आणि ही तर अख्ख्या किनाऱ्याची तूतू. हाकेत दोनदा ‘तू’ असला, तरी तिच्याशी अरेतुरे करायची कुणाची छाती नव्हती.

विचारणारी मुलगी हिनानो. दहावीतली. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरतं ठाऊक असलेली.

तिच्या शाळेने मुलांना विज्ञानाचे प्रकल्प दिले होते. वाडवडिलांना समुद्राबद्दल जे ठाऊक होतं, ते आजच्या उपकरणांनी तपासून पाहायचं. कुणी चंद्राच्या तिथी आणि मासे घेतले, कुणी किनाऱ्यावरच्या मत्स्यतळ्यांचे जुने दगडी बांध. हिनानोने लिमू घेतली.

लिमू म्हणजे समुद्रातल्या खडकांवर उगवणारी भाजी. शेवाळच, पण खायचं. या खाडीत एक तांबडी लिमू मिळायची. गेल्या पंचवीस वर्षांत ती कुणी पाहिली नव्हती. ती का गेली, हा हिनानोचा प्रश्न.

दोन वर्षं तिने पाणी मोजलं. खारटपणा मोजला, गाळ मोजला. डोंगरातला ओढा दुसरीकडे वळवला, खाडीत गोडं पाणी येईनासं झालं आणि लिमू गेली, हे तिने आकड्यांनी मांडून दाखवलं.

आणि काल सकाळी, ओहोटीच्या वेळी, तिला ती दिसली… एकच झुबका. मुठीत मावेल एवढा.

शनिवारी होनोलुलूला प्रदर्शन होतं. तिथे निवड झाली, की उन्हाळाभर समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. हिनानोला सध्या जगात दुसरं काही नको होतं.

शास्त्रीय नाव पुस्तकात सापडलं. पण प्रकल्पाला किनाऱ्यावरचं जुनं नावही हवं होतं, आणि ते आता एकट्या तूतूलाच येत होतं.

म्हातारी पायरीवर बसून उकडलेले अळूचे कंद शिंपल्याने सोलत होती. हिनानोने तिच्यापुढे डबा ठेवला आणि झाकण काढलं.

शिंपला थांबला.

डब्यात खारं पाणी होतं, आणि पाण्यात ती तांबडी लिमू. म्हातारी वाकून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

“माझ्या लग्नात आईने हीच वाढली होती,” ती म्हणाली. “मग पुढे दिसेनाशीच झाली.”

हिनानोला धन्य वाटलं. पंचवीस वर्षांत कुणाला जे सापडलं नाही, ते तिने शोधून आणलं होतं.

म्हातारीने पाण्यात बोट घालून झुबका हलकेच उलटा केला. खाली मूळ होतं, आणि मुळाला खडकाची एक कपची.

“मुळासकट?”

“हो. नमुना पूर्ण लागतो, नुसता फोटो चालत नाही. पातळ सुरीने खरवडून काढली, जराही तुटू दिली नाही.”

“तिथे किती ठेवलीस?”

“ठेवायला होतीच कुठे? एवढीच होती.”

…

म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हिनानोकडे उत्तरं तयार होती.

तिने नुसता पोरीच्या गालावरून हात फिरवला. बोटं अळूने चिकट झाली होती.

“आपल्याकडे लिमू कशी खुडतात, ते लिहिलंस का?”

“लिहिलंय. नखांनी शेंडा खुडायचा, मूळ जागेवर ठेवायचं. तक्ता क्रमांक चार.”

“आणि धुवायची कुठे?”

“समुद्रातच. घरी आणून नळाखाली नाही. धुताना जे बारीक तुकडे सुटतात, त्यांतले काही पुन्हा रुजतात. मी प्रयोग करून पाहिला, तूतू. तुमच्या लोकांचं बरोबर होतं.”

“माझ्या लोकांचं,” म्हातारी म्हणाली.

हिनानोचे कान तापले.

“चल,” म्हातारीने हात पुढे केला. “धुऊन आणू.”

“ही धुवायची नाही, तूतू. ही शनिवारी…”

“नाव हवंय ना तुला?”

हिनानोने झाकण लावलं, एका हाताने डबा कवटाळला, दुसऱ्या हाताने म्हातारीला धरलं. म्हातारीचे गुडघे केव्हाच गेले होते. वाळूतली पन्नास पावलं चालायला दोघींना चांगला वेळ लागला. दोन ठिकाणी थांबून म्हातारीने पाण्यात बोट बुडवलं, चाटून पाहिलं आणि मान हलवली. तिसऱ्या ठिकाणी मात्र ती अंगातल्या कपड्यांनिशी सरळ पाण्यात बसली.

“इथे. इथे खालून गोडं पाणी येतं.”

“इथे नाही येत. मी सगळी खाडी मोजलीय.”

“चाखून बघ.”

हिनानोने चाखलं. गोडसर होतं.

म्हातारीने झग्याच्या काठातला एक दोरा दातांनी तोडून ओढून काढला. तळाचा एक खरबरीत दगड उचलला. मग तिने दुसरा हात पाण्यावर उघडा धरला आणि वाट पाहत बसली.

हिनानो डबा छातीशी धरून उभी होती. दोन वर्षं त्या डब्यात होती. पुढचा उन्हाळाही त्यातच होता. तिला रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं.

“तुझी आहे, पोरी,” म्हातारी म्हणाली. “न्यायची असेल तर ने. मी नाव सांगेन, तरीही सांगेन. माझा राग नाही.”

तिचा खरंच राग नव्हता. हिनानोने तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

मग ती म्हातारीशेजारी पाण्यात बसली आणि तिने झाकण काढलं.

“दगड धर. मूळ त्याच्यावर दाबून ठेव. दोन्ही हातांनी.”

हिनानोने धरलं. म्हातारी दोरा गुंडाळायला लागली. कुठे आवळायचं आणि कुठे सैल सोडायचं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. पाणी येत होतं, जात होतं. तांबडे बारीक तुकडे सुटून आजूबाजूला पसरत होते.

गुंडाळता गुंडाळता म्हातारी पोरीच्या कानाशी वाकली आणि तिने नाव सांगितलं.

“थांबा, लिहून घेते…”

“हात सोडलास तर ती वाहून जाईल.”

हिनानोने हात सोडले नाहीत. “परत सांगा,” ती म्हणाली.

म्हातारीने परत सांगितलं. पोरीने म्हणून दाखवलं. मधला स्वर आखूड झाला. म्हातारीने तो लांबवून दिला. तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा दोघी हसल्या. एकीचे डोळे अजून ओलेच होते.

ते नाव मी इथे दिलं असतं. पण ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली, त्यांनी नाव तेवढं सांगितलं नाही, आणि मीही फार खोदून विचारलं नाही.

शेवटची गाठ बसली. हिनानोने तो दगड खडकाच्या कपारीत, लाट थेट आदळणार नाही असा, घट्ट बसवला. डबा रिकामा झाला होता. तो पाण्यावर डुलत राहिला.



“तूतू.”

“हं.”

“शनिवारी परीक्षक विचारतील. दोन वर्षं काम केलंस, मग नमुना कुठे आहे म्हणून. मी काय सांगू त्यांना?”

म्हातारीने झग्याचा काठ पिळला. उठायला पोरीच्या खांद्याचा आधार घेतला.

“सांग,” ती म्हणाली, “ती घरी आहे.”